बंद पडून राहिलेली जुनी इस्टेट गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना: चावी फिरवण्याआधी काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

गोठ्याशेजारच्या सपरीत किंवा वाड्याच्या पडवीत दोन-चार वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी काढायची ठरली की गावोगाव एकच क्रम दिसतो. ट्रॅक्टरची बॅटरी आणायची, सेल्फ मारत राहायचा, नाहीच जमलं तर दोर बांधून टोचन करायचं. गाडी कधीकधी सुरूही होते. मग आठवड्याभरात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) तुटतो, डिझेल पंप जाम होतो, नाहीतर उतारावर ब्रेकचं पेडल तळाला जातं. उभं राहून जेवढं बिघडलं नसेल तेवढं त्या पहिल्या अर्ध्या तासात बिघडतं. म्हणून खालच्या क्रमात चावी खूप उशिरा येते आणि ब्रेक इंजिनाच्या आधी येतात. हा क्रम बदलू नका.

इस्टेट म्हणजे मागे सामानाला लांब जागा आणि वर उघडणारं मागचं दार असलेली गाडी. लिहिताना डोळ्यासमोर टाटाची डिझेल इंडिगो मरिना आहे. बलेनो अल्टुरा किंवा कोर्सा स्विंगसारखी पेट्रोल इस्टेट असेल तर फरक जिथल्या तिथे दिला आहे. मरिनाचे इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनचे बहुतेक पार्ट इंडिका-इंडिगोचेच असल्यानं अकोला, अमरावती, नागपूरला मिळून जातात. मागचं दार, त्याची काच, त्याचं रबर हे मात्र इस्टेटचंच लागतं आणि शोधत फिरावं लागतं, तेव्हा मागच्या बाजूला जपून हात घाला.

## आधीची तयारी

काम शक्यतो दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना पत्र्याखाली गाडी उघडून बसणं माणसालाही सोसत नाही आणि बॅटरी चार्जिंगलाही बरं नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक रुततो. जमीन कोरडी असली तरी जॅकखाली जाड फळी हवीच.

जमवून ठेवायच्या वस्तू: रबरी हातमोजे, मास्क, चांगला टॉर्च, लांब काठी, मल्टिमीटर, पान्यांचा सेट, दोन-तीन पारदर्शक बाटल्या, चाकाला लावायला लाकडी ओंडके, वायर ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे आणि हाताशी वाळूची बादली. विकत आणायच्या वस्तू: इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, तयार कुलंट आणि ब्रेक ऑईलचा सीलबंद डबा. ब्रेक ऑईलचा ग्रेड बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो, तोच आणा. अर्धवट वापरलेला जुना डबा घरात असला तरी नको, उघड्या डब्यातलं ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं.

गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात असेल तर आधी ते शोधून काढा. उंदरांनी ठेवलं असेल तर.

## टप्पा 1: गाडी उघडणं

ताडपत्री एकदम हातानं ओढू नका. काठीनं एक कड उचला, थोडं थांबा, मग बाजूला करा. आपल्याकडे कुटाराच्या ढिगाजवळ, सरपणाजवळ उभ्या गाडीखाली घोणस किंवा नाग असणं नवलाचं नाही, आणि विंचू तर चाकाच्या रिममध्येही बसतात. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला फोन करा. दारांच्या फटीत, आरशांमागे आणि डिझेल टाकीच्या झाकणाआड गांधीलमाश्यांची पोळी असतात, तीही बघा.

चारही दारं आणि बॉनेट उघडून गाडीला तासभर हवा खाऊ द्या. मागचं दार मात्र शेवटी आणि सावकाश उघडा.

सावधान: मागचं दार तोलून धरणारे गॅसचे दोन दांडे इतक्या वर्षांत हमखास बसलेले असतात. दार वर गेल्यावर थांबल्यासारखं वाटतं आणि तुम्ही आत वाकलात की डोक्यात येतं. उघडल्याबरोबर मजबूत लाकडाचा टेकू लावा. नवे दांडे बसेपर्यंत टेकू गाडीतच ठेवा.

बॅटरी अजून जोडलेली असेल तर तिची वजा बाजूची वायर आत्ताच काढा. पुढचे कित्येक टप्पे गाडीत वीज नकोच आहे.

## टप्पा 2: उंदरांनी काय केलं ते शोधणं

गावातल्या बंद गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू उंदीर. सोयाबीन निघालं, तुरीचं कुटार घराशेजारी आलं की वावरातले उंदीर घराकडे सरकतात, आणि बॉनेटखालची जागा त्यांना कोरडी, झाकलेली मिळते. हा टप्पा लोक टॉर्च फिरवून पाच मिनिटांत संपवतात. इथे निदान दोन तास द्या.

घरटी बघायच्या जागा: एअर फिल्टरचा डबा, बॉनेटच्या आतलं अस्तर, ब्लोअरचा पंखा, मागच्या सीटखाली, सामानाच्या जागेतल्या मॅटखाली आणि स्टेपनीच्या खळग्यात. घरटं सापडलं की कोरडं झाडू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्यांच्या लेंड्यांची धूळ नाकातोंडात जाणंही बरं नाही. मोजे-मास्क घालून ब्लीचिंगचं पाणी फवारा, दहा मिनिटं भिजू द्या, मग उचला.

एअर फिल्टरचा डबा पूर्ण सोडवा. जुन्या फिल्टरमध्ये कापूस, सरकी आणि बॉनेटच्या अस्तराचे तुकडे घट्ट दाबून बसवलेले दिसतील. तेवढं काढून भागत नाही. फिल्टरच्या पुढे इंजिनाकडे जाणारा पाईपही काढून उजेडात धरा. त्यात सोयाबीनचे चार दाणे राहिले तरी टर्बोच्या फिरत्या पात्यांवर जाऊन आदळतात. टर्बोचा खर्च अशा वेळी गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागतो.

आता वायरिंग. नुसतं वरून बघून कळत नाही. प्रत्येक जुडगा हातात घ्या आणि खालच्या बाजूनं बोटं फिरवत जा. कुरतडलेली वायर बहुतेक वेळा खालून उघडी असते. वरून कापडी टेप शाबूत, आणि उलटवली की बोटभर लांबीचं प्लास्टिक गायब, आत तांब्याच्या तारा चकाकताना दिसतात. अशा दोन वायरी शेजारी-शेजारी असतील तर बॅटरी जोडताच ठिणगी. या जागा सोडू नका: बॅटरीशेजारचा मोठा जुडगा, इंजेक्शन पंपाकडे जाणारी वायर, हीटर प्लगची (थंड डिझेल इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणाऱ्या प्लगची) पट्टी, अल्टरनेटरच्या मागची बाजू, फ्यूज बॉक्सच्या तळाशी. इस्टेटमध्ये आणखी एक जागा आहे. मागच्या दारात जाणाऱ्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात. दार उघडझाप करून तिथे त्या तुटतात, आणि मग मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा चालत नाही. नळी सरकवून आत बघा.

तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळू नका. नीट जोडून सोल्डर करा आणि वर गरम करून आवळणारी नळी चढवा. गावातला मोटार रिवायंडिंगवाला हे काम चांगलं करतो.

तपासा: डिझेलची येणारी आणि परत जाणारी, दोन्ही रबरी नळ्या आणि पुढच्या चाकांचे ब्रेक पाईप उंदरांनी चावलेत का? चावल्याची नुसती खूण असली तरी बदला.

## टप्पा 3: मागची बाजू आणि तळ

स्टेपनी बाहेर काढा. मागच्या दाराचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी झिरपून खळग्यात साचतं आणि तिथून पत्रा खातं. तळाला पाणी जाण्यासाठी असलेलं रबरी बूच काढा, वाळू द्या, आणि बोथट स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. पत्रा दबला किंवा आरपार गेला तर वेल्डिंग.

मागचं रबर सैल असेल तर ते फक्त धुळीचं दुखणं नाही. इस्टेटचा मागचा भाग सरळ उभा असल्यानं चालत्या गाडीच्या मागे हवा उलट खेचली जाते आणि सायलेन्सरचा धूर फटीतून आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साईड वासावरून कळत नाही. सायलेन्सरचे जोड आणि मागच्या दाराचं रबर दोन्ही ठीक होईपर्यंत काचा बंद करून ही गाडी चालवू नका. मागचं दार उघडं ठेवून सामान नेणं तर कायमचं बंद.

गाडीनं आधी कापसाच्या गाठोड्यांचं किंवा खताच्या पोत्यांचं ओझं वाहिलं असेल तर मागचे स्प्रिंग बसलेले असतात. सपाट जागी दोन्ही बाजूंची उंची टेपनं मोजा. खत सांडलेलं असेल तर मॅटखालचा पत्रा विशेष निरखून बघा, खतानं गंज फार लवकर धरतो.

## टप्पा 4: ऑईल, कुलंट, पट्टे

डिपस्टिक काढा. ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. इथेच थांबा आणि मिस्त्रीला दाखवा. पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑईलमध्ये डिझेल उतरलंय. दोन्ही नसेल तरी जुनं ऑईल काढून फिल्टरसकट नवं भराच. काही जण जुन्या ऑईलवर इंजिन गरम करून मग बदलतात. मला ते पटत नाही, वर्षानुवर्षं ओलावा घेतलेलं ऑईल कोरड्या बेअरिंगवर पहिल्यांदा का पाठवायचं?

रेडिएटरमधलं पाणी मातकट निघालं तर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवा आणि तयार कुलंट भरा. बोअरचं पाणी भरणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. विदर्भात बऱ्याच भागात बोअरचं पाणी जड असतं, त्याचा पांढरा थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो आणि गाडी उन्हाळ्यात तापायला लागते. होज पाईप दाबून बघा. चिरा दिसल्या, दाबल्यावर करकर आवाज आला किंवा टोकाशी लिबलिबीत लागला तर बदला.

टायमिंग बेल्ट डोळ्यांनी पारखता येत नाही. वरून नवा दिसणारा बेल्ट आतून सुकलेला असतो. शेवटचा कधी बदलला याचं बिल हातात नसेल तर टेन्शनरसकट बदला, किलोमीटर कितीही कमी असोत. बेल्ट एक दात जरी सरकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात आणि हेड उतरवावं लागतं. नेमकं टोचनच्या झटक्यात हेच होतं. मिस्त्री कितीही आग्रहानं म्हणाला, "एक डाव टोचन करून पाहू न भाऊ," तरी नाही म्हणा.

## टप्पा 5: डिझेल किंवा पेट्रोल

अर्धी रिकामी टाकी उन्हा-थंडीत उभी राहिली की आत ओलाव्याचं पाणी होतं आणि डिझेलखाली तळाला बसतं. टाकीच्या तळातून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाला पाण्याची वेगळी रेघ, काळी साय किंवा शेवाळासारखा चिकटा दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून, उतरवून धुवा. बाटली स्वच्छ असेल तरी जुनं डिझेल काढून पंपावरचं ताजं 10 लिटर भरा. काढलेलं डिझेल ट्रॅक्टरमध्ये ओतायचा मोह होतो. पाणी निघालं असेल तर ट्रॅक्टरचा पंपही जाईल.

डिझेल फिल्टर बदलला की डिझेल वर ओढणारा छोटा हातपंप कडक होईपर्यंत मारा आणि एअर, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा, पूर्ण काढा. एअर राहिली की लोक सेल्फ मारत बसतात आणि सेल्फ जळतो.

पेट्रोल गाडीत जुनं पेट्रोल ठेवूच नका. त्याला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो आणि त्याचा चिकटा इंजेक्टरमध्ये बसतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाडीचे रबरी पाईप त्यासाठी बनलेले नसतात. ते आत्ताच बदललेले बरे.

सावधान: हे काम उघड्यावर करा. जवळपास चूल, बिडी-सिगारेट काही नको.

## टप्पा 6: ब्रेक

इंजिन चालू होण्याआधी गाडी थांबते की नाही हे ठरलं पाहिजे. हे काम स्वतः नीट येत नसेल तर मिस्त्रीला घरी बोलवा, पण समोर उभे राहून प्रत्येक चाक उघडून घ्या.

बाकीच्या चाकांना ओंडके लावा, जॅक लावा आणि शेजारी आधाराला दुसरा मजबूत ठोकळा ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही.

हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) ड्रमला चिकटलेले असतात. हँडब्रेक सोडूनही चाक फिरत नसेल तर ड्रमच्या कडेनं गोल फिरत हातोडीनं हलके ठोके द्या, स्प्रे मारा, थांबा, पुन्हा ठोका. ट्रॅक्टरनं ओढून चाक सोडवायला गेलात तर लायनर (शूवरचं घर्षणाचं अस्तर) शूवरून उखडतो आणि ड्रममध्ये अडकून चाक जाम करतो. मग ड्रम कापायची वेळ येते.

ड्रम निघाला की आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कपड्यानं पुसा. मग व्हील सिलिंडरच्या (शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या) दोन्ही टोकांची रबरी टोपी स्क्रूड्रायव्हरनं अलगद उचला. बाहेरून सगळं कोरडं दिसत असतं, टोपीखाली मात्र ओल आणि तपकिरी चिखल. ही गळतीची सुरुवात आहे, त्या चाकाचा सिलिंडर बदला, आणि एका बाजूचा बदलला तर दुसऱ्या बाजूचाही. ड्रममधला वरवरचा गंज पॉलिश पेपरनं जातो.

पुढे डिस्कवर लाल गंजाचा पातळ थर असेल तर काळजी नाही, गाडी चालली की तो जातो. खोल खड्डे असतील तर डिस्क बदला. कॅलिपरच्या पिना बाहेर काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा.

आता जुनं ब्रेक ऑईल पूर्ण काढून नवं. एअर काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोरानं ब्रेक ऑईल पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरपासून) सगळ्यात लांबचं चाक आधी घेतात. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात: पेडल तळापर्यंत दाबतात. रोजच्या वापरात पेडल तिथपर्यंत कधीच जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरचा तो भाग आतून गंजलेला असतो आणि रबर त्यावर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते अर्ध्यावरच थांबेल.

सावधान: ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक ऑईल कधीही नको. रबर फुगतं आणि सगळे सील बदलावे लागतात.

तपासा: इंजिन बंद असताना पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. पुढचा टप्पा तोवर नाही.

क्लचचीही हीच वेळ. गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि दोघांनी ढकला. सरकली तर क्लच मोकळा आहे. चाकं अडली तर क्लच प्लेट चिकटली आहे, आणि हे आत्ताच कळलेलं बरं.

## टप्पा 7: टायर

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. सहा-सात वर्षांपलीकडचा टायर नक्षी शाबूत असली तरी लांबच्या रस्त्याला घेऊ नका. आपल्या उन्हात रबर आणखी लवकर सुकतं. हवा भरून एक दिवस उभं ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आणि बाजूच्या चिरा टॉर्चनं बघा. स्टेपनी विसरू नका, ती बहुधा सगळ्यात जुनी असते. समृद्धी महामार्ग सिमेंटचा आहे आणि मोटारींना 120 ची मुभा आहे; जुन्या टायरवर तिथे चढूच नका.

## टप्पा 8: बॅटरी आणि पहिला सेल्फ

मल्टिमीटरनं बॅटरी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. वर्षभर रिकामी राहिलेली बॅटरी सहसा परत येत नाही. येत असेल तर क्षमतेच्या दहाव्या भागाच्या करंटवर, मोकळ्या हवेत, सावकाश चार्ज करा. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावणार असाल तर ती 12 व्होल्टचीच हवी. ट्रक-टिप्परची यंत्रणा 24 व्होल्टची असते, तिनं सगळी इलेक्ट्रॉनिक्स जळतील.

बॅटरी जोडण्याआधी इंजिन हातानं फिरवा. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेनं दोन पूर्ण फेरे. जड पण सलग फिरलं पाहिजे. कुठे ठप्प अडलं तर पान्याला पाईप लावून जोर करू नका. हीटर प्लग काढून त्या भोकांतून थोडं ऑईल सोडा आणि दोन दिवस थांबा. त्यानंतर पहिल्यांदा सेल्फ मारताना प्लग काढलेलेच ठेवा, म्हणजे वर साचलेलं ऑईल बाहेर निघेल. पेट्रोल गाडीत हेच स्पार्क प्लग काढून करा.

मग बॅटरी जोडा, आधी अधिक, नंतर वजा. जोडताच मोठी ठिणगी उडाली तर लगेच काढा आणि टप्पा 2 वर परत जा. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही वायपर बघून घ्या.

मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढली की इंजिन सुरू न होता नुसतं फिरतं. तसं दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. ऑईलचा लाल दिवा विझला म्हणजे वरपर्यंत ऑईल पोचलं. आता वायर जोडा, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा आणि सुरू करा. कॉमन रेल (डिझेल इलेक्ट्रॉनिक्सनं सोडणारं) इंजिन असेल तर वायरी काढण्याचा हा प्रयोग मिस्त्रीवर सोपवा.

## टप्पा 9: उभ्या उभ्या वीस मिनिटं

रेस देऊ नका, विशेषतः टर्बो असेल तर. ऑईलचा दिवा चार-पाच सेकंदांत गेला नाही तर इंजिन बंद. सुरुवातीला थोडा निळसर धूर येतो आणि जातो. निळा धूर टिकला तर ऑईल जळतंय, काळा टिकला तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. गोडसर वासाचा पांढरा धूर असेल तर कुलंट सिलिंडरमध्ये जातंय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट. एकानं तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, दुसऱ्यानं खाली गळती बघा. रेडिएटरचा पंखा आपोआप लागला पाहिजे. काटा वर गेला आणि पंखा फिरत नसेल तर बंद करा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

ब्रेक पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे पेडलचा जोर वाढवणारा भाग, ठीक आहे.

## टप्पा 10: कागद, मग रस्ता

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म 25 भरून आणि गाडी आरटीओत दाखवून, शिवाय पर्यावरण कर. मुदत संपली असेल तर गाडी चालवत नेऊ नका, पिकअपवर चढवून न्या. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी तर लागतोच, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही.

पहिली फेरी अंगणात किंवा खळ्यात, माणसाच्या चालीनं, दहा-बारा वेळा ब्रेक लावत. गाडी एका बाजूला ओढते का बघा. मग गावाबाहेरच्या सरळ मोकळ्या रस्त्यावर पाच किलोमीटर, ताशी 40 च्या आत. परत आल्यावर प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग गेलंय.

त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी ऑईल, कुलंट, ब्रेक ऑईलची पातळी आणि गाडीखालची जमीन बघा. 500 किलोमीटर झाले की इंजिन ऑईल पुन्हा बदला, चाकांचे बोल्ट आवळा आणि डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढा. तेव्हाही बाटलीत पाण्याची रेघ आली तर टाकी नीट धुतली गेलेली नाही, ती पुन्हा उतरवा.